बाटलीवर 'निर्गम ३०' छापलं की ते अभिषेकाचं तेल होतं?

समईवात

'बायबलमधल्या मूळ कृतीनुसार' असं लेबल लावून अभिषेकाचं तेल विकलं जातं. लेबलवर निर्गम (बायबलमधलं दुसरं पुस्तक) ३०:२३-२५ छापलेलं असतं. छापणाऱ्याने आणखी आठ ओळी वाचल्या असत्या तर बाटली विकायला काढलीच नसती. वचन ३२ आणि ३३ सांगतात: हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावू नये, याच प्रमाणात दुसरं कोणी करू नये, करील त्याचा उच्छेद व्हावा. म्हणजे लेबल खोटं असेल तर फसवणूक, आणि खरं असेल तर त्याहून वाईट.

आता कृती बघा. ५०० शेकेल गंधरस, २५० दालचिनी, २५० वेखंड, ५०० तज आणि एक हिन जैतुनाचं तेल. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा आणि हिन चार ते सहा लिटरचा धरतात. गंधरस पातळ होता म्हणून बाजूला ठेवला तरी साडेअकरा किलो साली-मुळं उरतात. एवढ्याशा तेलात ती नुसती कालवली तर सगळं तेल पिऊन टाकतील, ओतायला काही राहायचं नाही. हा पेच तालमूदमधल्या (ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चांच्या ग्रंथातल्या) पंडितांनाही पडला होता. एक म्हणतो मुळं तेलातच उकळली. दुसरा म्हणतो, इतकं तेल मुळांना माखायलासुद्धा पुरणार नाही. मुळं आधी पाण्यात भिजवली, वर तेल ओतलं, तेलाने वास ओढून घेतल्यावर ते वरच्या वर काढून घेतलं. तळहातात मावणाऱ्या बाटलीत अर्काचे चार थेंब टाकण्याचं या कृतीशी नातं नावापुरतंच.

माझं म्हणणं एवढंच की तेलाला वजन येतं ते कोणी आशीर्वादित केलं, कुठे ठेवलं, कोणी लावलं आणि उरलेल्याचं काय केलं यावरून. वासावरून नाही.

आडवाट

पहिले दोन परिच्छेद मान्य, निष्कर्ष अजिबात नाही.

याकोब ५:१४ काढा. आजारी माणसाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. तेल कसलं, ते बिशपने आशीर्वादित केलेलं की घरातलं, डबीत की वाटीत, याबद्दल अवाक्षर नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'आलेइफो' हे क्रियापद आहे, रोजच्या तेल चोळण्याचं. ज्यावरून 'ख्रिस्त' शब्द आला ते अभिषेकाचं 'ख्रिओ' नाही. आणि लगेच पुढचं वचन म्हणतं की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. प्रार्थना, तेल नव्हे.

तुमच्या कॅथलिक नियमांचंच बघा. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने रुग्णाभ्यंगासाठी (आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्कारासाठी) जैतुनाचं तेल ठरवलं. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी गरजेप्रमाणे दुसरं वनस्पती तेल चालेल म्हटलं. आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं सगळीकडे तेल लावत. आता कपाळ आणि हात. पाच शतकं जे आवश्यक होतं ते एका आदेशाने बदललं. मग वजन नेमकं कशाला?

समईवात

'आलेइफो'वर इतका भार टाकू नका. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात निर्गम ४०:१५ इथे अहरोनाच्या मुलांना याजक म्हणून अभिषेक करण्यासाठी हेच क्रियापद वापरलंय. तो रोजचा मालीश नव्हता.

बदललं ते द्रव्य आणि जागा. लावणारा कोण, हे बदललेलं नाही. कॅथलिक धर्मविधान, कलम १००३: रुग्णाभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. कलम ९९९: त्याचं तेल बिशप आशीर्वादित करतो, नड असेल तर धर्मगुरू, पण तोही त्या विधीतच. आधी करून साठा करून ठेवायचा नाही. १९९७ च्या व्हॅटिकनच्या सूचनेत तर अदीक्षितांनी (धर्मगुरू नसलेल्यांनी) कुठल्याही तेलाने अभ्यंग करू नये असं स्पष्ट आहे. याचं कारण सरळ आहे. खाटेवरच्या माणसाला दोन तेलांतला फरक कोण सांगणार? प्रार्थनागटातल्या कुणी कपाळाला तेल लावलं की घरचे समजतात संस्कार झाला, आणि धर्मगुरूंना बोलवायचं राहून जातं.

विधी तसा छोटा आहे. आधी डोक्यावर हात ठेवून काही क्षण शांतता. मग तेलावरची प्रार्थना. अंगठ्याला पुसटसं तेल लागेल इतकंच घेऊन कपाळावर क्रूस, मग दोन्ही हातांवर. ओघळ यायला लागला तर तेल जास्त झालं.

घाणा_४४

दोघंही वचनांवर भांडताय. तेल खवट होतं याकडे कोणाचं लक्ष आहे का?

धर्मगुरू आजाऱ्याकडे सोबत नेतात त्या डबीत तेल मोकळं नसतं, सांडू नये म्हणून कापसात मुरवलेलं असतं. गडबड तिथेच होते. कापसाच्या प्रत्येक तंतूवर तेलाचा पातळ थर पसरतो, म्हणजे हवेशी संपर्क कित्येक पट. भरलेल्या बंद बाटलीत वर्ष-दीड वर्ष सहज टिकणारं जैतुनाचं तेल या कापसात काही महिन्यांतच जुन्या रंगासारखं वास मारायला लागतं. डबी पितळेची असेल आणि आतला मुलामा घासला गेला असेल तर तांबं हे खवटपण आणखी वाढवतं. कापूस हिरवट दिसला तर तो बुरशीचा रंग नाही, तांब्याचा आहे. ते आजारी माणसाच्या कातडीला लावायचं नाही.

उपाय साधा आहे. डबीच्या आत काचेची किंवा चांगल्या मुलाम्याची वाटी हवी. कापूस तीन-चार महिन्यांनी बदला. जुन्या कापसावर नवं तेल ओतू नका, खवटपण नव्या तेलात उतरतं. काढलेला कापूस बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जाळा आणि राख मातीत पुरा. उरलेलं तेल दिव्यात घालता येतं.

दुसरं, क्रिझम, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या विधींत लावायचं सुगंधी तेल. यात तेलात बाल्सम (सुगंधी राळ) घालतात. पेरू बाल्सम असेल तर ते साध्या तेलात पूर्ण विरघळत नाही, तळाला काळपट चिकट थर बसतो. मोठ्या भांड्यातून छोट्या बाटल्या भरताना न ढवळता ओतलं तर पहिल्या बाटलीत नुसतं तेल आणि शेवटच्या बाटलीत नुसती राळ. शिवाय पेरू बाल्सम ठाऊक असलेला ॲलर्जीकारक आहे. त्वचेच्या ॲलर्जीचाचणीच्या नेहमीच्या संचात तो असतोच. तान्ह्या बाळाच्या टाळूला लावताना एवढं ध्यानात ठेवा.

विकतच्या 'मूळ कृती' तेलात बहुधा दालचिनीच्या सालीचा अर्क असतो. तो १०० मिलिलीटर तेलात एक थेंब पुरे. चार थेंब ३० मिलिलीटरमध्ये टाकले तर कपाळावर लाल क्रूस उमटेल, आणि त्याचा अर्थ लोक भलताच लावतील.

आडवाट

:) शेवटच्या ओळीसाठी धागा सार्थकी.

पण बघा, आता तीन महिन्यांनी बदलायचा कापूस, मुलाम्याची डबी, राखेची माती. याकोबाने फक्त 'तेल लावा' म्हटलं होतं. आणि पवित्र पाण्याचंही तेच. जुन्या रोमन विधीत आधी मिठावर प्रार्थना, मग पाण्यावर, मग मीठ पाण्यात क्रूसाच्या आकारात तीनदा. मीठ टाकलंय म्हणून पाणी टिकतं असंही सांगतात.

कुंडाकाठी

मीठ टिकवायला नाही, मीठ टाकून पाणी शुद्ध करणाऱ्या अलीशा संदेष्ट्याची आठवण म्हणून (२ राजे २:२०-२१). आता तर ते ऐच्छिक आहे. टिकण्याचंच म्हणाल तर समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असतं आणि त्यात जीवजंतू मजेत जगतात. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या कुंडात पडते चिमूटभर. तिचा परिणाम एवढाच की पितळेचं कुंड लवकर खराब होतं.

दारातल्या कुंडाची खरी अडचण म्हणजे पाणी कमी झालं की वरून भर घालत राहणं. शेकडो बोटं बुडतात. काठाला हात लावून पाहा, बुळबुळीत लागेल. तो जिवाणूंचा थर आहे, नवं पाणी ओतून जात नाही. व्हिएन्नात चर्चमधल्या १८ कुंडांची तपासणी झाली तेव्हा गर्दीच्या चर्चमध्ये जिवाणू जास्त निघाले. होणारच.

आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करा. गरम पाणी, साबण, ब्रश. संगमरवराला लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, दगड खातं. कोरडं करून मगच भरा. आत काचेची काढता येणारी वाटी ठेवली तर सगळं पाच मिनिटांत होतं. काढलेलं पाणी गटारात नाही. सॅक्रेरियम असेल (ज्याचा नळ थेट मातीत जातो ते कुंड) तर त्यात, नाहीतर झाडाच्या बुंध्याशी. आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळभर कुंडात वाळू भरण्याची टूम कुठे असेल तर थांबवा. २००० साली रोमहून स्पष्ट उत्तर आलंय की कुंड रिकामं करायचं ते फक्त पवित्र त्रिदिनात, म्हणजे ईस्टरच्या तीन दिवसांत.

ओवरी

समईवात यांचं 'वासावरून नाही' मला पटत नाही. पूर्वेकडच्या मंडळ्यांकडे बघा. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कच्या (तिथल्या प्रमुख धर्माधिकाऱ्याच्या) परंपरेत मिरॉन, म्हणजे त्यांचं क्रिझम, ५७ द्रव्यांचं असतं, साधारण दहा वर्षांतून एकदा होतं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सोमवारी शिजवायला घेतात आणि गुरुवारी पवित्रीकरण. आर्मेनियन मंडळीत एचमियाडझिनला (तिच्या मुख्य पीठात) दर सात वर्षांनी, चाळीसहून जास्त वनस्पतींचं. तिथे द्रव्यांची यादी हा विधीचाच भाग आहे. तुम्ही 'कृती गौण' म्हणता तेव्हा फक्त पश्चिमेबद्दल बोलता.

शिवाय आर्मेनियन मिरॉनमध्ये जुनं मिरॉन नव्यात मिसळतात. एकाच धारेचं सातत्य. घाणा यांच्या हिशेबात ते कुठे बसतं?

घाणा_४४

बसतं, पण नाखुशीने. मोठं भांडं, बंद झाकण, थंड जागा आणि भरपूर राळ असेल तर तेल हळू बिघडतं; काही राळी खवटपण रोखतातही. कापसाच्या डबीला हे लागू नाही. पश्चिमेतही १९१७ च्या कॅथलिक धर्मविधानात (कलम ७३४) तेल संपत आलं तर त्यात आशीर्वाद न दिलेलं जैतुनाचं तेल घालायची मुभा होती, हवं तितक्यांदा, पण दरवेळी आधी असलेल्यापेक्षा कमी. तेल ताजं असेल तर हिशेब चोख आहे. खवटात घातलं तर नवंही गेलं.

समईवात

ओवरी, मान्य. 'वासावरून नाही'ऐवजी 'नुसत्या वासावरून नाही' असं वाचा. पण ते ५७ द्रव्यांचं मिरॉनही लेबल लावून विकत नाहीत, बरं का.

आडवाट, तुमच्याशी मतभेद आहेत तसेच.

आडवाट

राहू देत. एकच विचारतो: ज्यांनी ती बाटली आधीच घेतलीय त्यांनी काय करायचं? कपाळाला लावायची नाही, फेकायचीही नाही?

घाणा_४४

झाकण उघडून वास घ्या. दालचिनीच्या आडून जुन्या रंगाचा वास आला तर दिव्यात घाला, वात थोडी जाड ठेवा. राळ असेल तर वात काजळते, मध्ये मध्ये कातरावी लागेल.