विषय: भाच्याचा गेमिंग पीसी, बोर्ड कुठला घ्यावा?

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम फोंडा

मंडळी, नमस्कार.

वर्गणीचा मेल नाही, घाबरू नका. मस्कत सोडून गावी आलो तरी या मेल-यादीतून माझं नाव कुणी काढलेलं नाही, त्याचा फायदा घेतोय.

धाकट्या बहिणीचा मुलगा बारावी झाला. निकालाच्या दिवशी तोंडात पेढा असताना मी शब्द देऊन बसलो की चवथीच्या आत गेमिंगचा पीसी करून देतो. इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड त्याने स्वतःच ठरवलंय. जुन्या पीसीतल्या डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घरात आहेत, ३२०० वेगाच्या. घोडं अडलंय मदरबोर्डावर. दुकानदाराने झेड६९० बोर्ड लिहून दिलाय, १७,५०० रुपये. "गेमिंग म्हटल्यावर हाच लागतो" म्हणे. भाच्याला विचारलं, ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, करणार का? तर म्हणाला, "मामा, मला फक्त खेळायचंय."

आणखी एक. जुन्या पीसीच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. नव्या बोर्डाला त्याचा त्रास होईल का?

———

प्रेषक: दुबईहून, पार्किंगमध्ये गाडीत बसून

भाई,

१२४००एफच्या नावात 'के' नाही. म्हणजे त्याचा वेग ठरवणारा मल्टिप्लायर इंटेलने कुलूप घालूनच विकलाय, आणि ओव्हरक्लॉकिंगसाठीचा झेड बोर्ड लावला तरी ते कुलूप उघडत नाही. जे भाचा करणार नाही आणि प्रोसेसर करू देणार नाही, त्याचे पैसे तुम्ही भरताय.

तुमच्यासाठी दोनच नावं: एच६१०, नाहीतर बी६६०/बी७६०. एच६१० वर रॅमचे खाचे दोनच, आणि तुमच्या दोन पट्ट्यांत ते भरले. उद्या ३२ जीबी करायची झाली तर दोन्ही काढून नव्या घ्यायच्या. रॅमचा वेगही त्यावर ३२०० च्या पुढे जात नाही, पण तुमच्या पट्ट्या तेवढ्याच, तेव्हा तक्रार नाही. ग्राफिक्स कार्ड ज्या जोडणीवर चालतं ती पीसीआयई ४.० मिळते, खेळताना काही कमी पडणार नाही. गेम साठवायच्या एनव्हीएमई एसएसडीचा खाचा मात्र बहुतेकदा ३.० चा असतो. गेम उघडताना तो फरक भाच्याला जाणवला तर मला कळवा, मी त्याला पेढे देईन.

आता जिथे कंजुषी करू नये ते. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या बाजूला करड्या ठोकळ्यांची एक रांग दिसते. तो व्हीआरएम. पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागतात तेवढे, साधारण एक-सव्वा व्होल्ट, तो करून देतो आणि त्यात तापतो. १२४००एफ एरवी ६५ वॅटचा, जोरात चालला की ११७ पर्यंत जातो. हे काही फार नाही, साधा व्हीआरएमही सांभाळून घेतो. पण फोंड्याला मे महिन्यात दुपारी खोली किती तापते ते मी सांगायला नको. अगदी तळाच्या बोर्डांवर ते ठोकळे उघडेच असतात. शे-पाचशे जास्त गेले तरी त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवलेला घ्या.

फोटोत आणखी एक मोजा: पंख्यांच्या चार पिनांच्या जागा. स्वस्त बोर्डावर बऱ्याचदा प्रोसेसरला एक आणि डब्याला एक, एवढंच. तीन पंख्यांचा डबा घेतला की मग दुकानात परत फेऱ्या.

आणि बोर्ड डीडीआर४ चाच आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्या. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि नव्या डीडीआर५, दोन्ही रॅमसाठी वेगवेगळा निघतो, आणि पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसत नाही.

मुंग्यांचं: तुमच्या भिंतीतल्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचे कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर डब्यावर २३० च्या निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट नखाएवढा, पण जाणवतो. झेड बोर्डावरचे वाचलेले पैसे आधी इलेक्ट्रिशियनला द्या.

———

प्रेषक: न्यू जर्सीहून, माहेर मडगाव

भाई, इथे सेलमध्ये बोर्ड स्वस्त आहेत. मी डिसेंबरात येतेय, बॅगेत टाकून आणू? चवथीचं नाही जमणार, नाताळाचं म्हणा त्याला.

———

प्रेषक: शारजाहून

ताई, बोर्ड नको आणूस. त्याची वॉरंटी बहुतेकदा ज्या देशात घेतला तिथलीच चालते. नादुरुस्त झाला तर भाई काय परत न्यू जर्सीला पाठवणार? त्यापेक्षा आपली गोड बेबिंका करून ठेवायला सांगतो, ती घेऊन जा.

भाई, माझं मत थोडं वेगळं. एएमडीचा ए६२० बोर्ड बघा. त्यावरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, पण त्याच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. १२४००एफ बसतो तो इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट आता संपला, २०२४ मधले कोअर अल्ट्रा २०० प्रोसेसर दुसऱ्याच सॉकेटवर गेले. एएम५ घेतला तर तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल.

———

प्रेषक: दुबईहून

मुद्दा बरोबर, पण एएम५ ला डीडीआर५ च लागते. घरातल्या पट्ट्या मग टाकायच्या का? रॅम नव्याने घ्यायची असती तर मीही ए६२० च म्हटलं असतं.

हां, कुणी १२४००च्या पुढच्या पिढीतला १३४०० गळ्यात मारला तर दुकानातच बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करून मागा. जुन्या स्टॉकचा ६०० मालिकेतला बोर्ड त्याला ओळखत नाही, आणि प्रोसेसरशिवाय बायोस भरायचं बटण स्वस्त बोर्डावर सहसा नसतं.

———

प्रेषक: फोंडा

मंडळी,

बी७६० डीडीआर४ घेतला, ९,८०० ला. एच६१० ही चालला असता, पण त्या दुकानात होता त्यावर ठोकळे उघडे होते आणि डब्याच्या पंख्याला एकच जागा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण दिला.

इलेक्ट्रिशियन आला. सॉकेटला तिसरी वायर होती, पण ती भिंतीतच कुठे तरी संपत होती. अंगणात माडाच्या आळ्याजवळ खड्डा खणून नवीन अर्थिंग केलं. मुंग्या गेल्या. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर राऊटरची लॅन वायरसुद्धा काढायची, हे भाच्याकडून वदवून घेतलंय.

जोडणी भाच्याने केली, मी टॉर्च धरला. बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळा. अर्धा तास घामाघूम. रॅम काढून लावली, परत काढली. बहिणीने देवाला नारळ बोलला. शेवटी लक्षात आलं की मॉनिटरची वायर मी बोर्डाच्या एचडीएमआयला लावली होती. 'एफ' प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्सच नाही, ते भोक शोभेचं! वायर कार्डाला लावली आणि चित्र आलं.

प्रोसेसर बसवताना सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी उडून पडली. वॉरंटीसाठी बोर्ड पाठवायचा झाला तर ती लावून पाठवावी लागते, सॉकेटातल्या पिना वाकल्या तर कुणी दाद देत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. देवघराच्या खणात ठेवलीय. बहिणीला सांगून ठेवलंय, चवथीच्या साफसफाईत कचरा म्हणून टाकू नकोस.