तांबडी माती, काळी माती : बेळगाव-खानापूर भागात तंबू घेऊन सायकलवर

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

सुगी उरकत आली की सायकली बाहेर पडतात. बेळगावच्या आसपास तीन-चार दिवस तंबू घेऊन फिरणाऱ्यांनी इथे लिहावं. विनंती एकच : ‘आम्ही कसे गेलो’ नको. काय न्यावं, काय मोडतं आणि का, तेवढंच सांगा.

वाटेपासून सुरू करतो. खानापूरला चौपदरीवरून जाऊ नका. देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी अशी आतली वाट थोडी लांब पडते, पण निवांत आहे. दुसऱ्या दिवशी नंदगड करून हलशी. कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बघायला दोन तास हाताशी ठेवा. तिसऱ्या दिवशी बिडीवरून कित्तूर, चौथ्या दिवशी बैलहोंगल, संपगाव करून परत. ओझं घेऊन दिवसाला ४५-५० किलोमीटर पुरे, शेवटचा दिवस तेवढा लांब पडतो. चोर्ला घाटाचा रस्ता दिसायला देखणा, पण गोव्याच्या गाड्यांमुळे तो या यादीत बसत नाही.

महत्त्वाचं म्हणजे ही फेरी दोन मातींतून जाते. पश्चिमेला तांबडी, कित्तूरच्या पुढे काळी. टायर, ब्रेक, तंबूचे खिळे, सगळं त्यावर ठरतं.

शहापूरचा मिस्त्री

ओझ्याची सायकल कुठं बसते? मागच्या चाकात आणि कॅरियरच्या बोल्टात. बाकी सगळं नंतर.

कॅरियरचे बोल्ट बहुतेक ५ मिलिमीटरचे असतात, ४ च्या ॲलन कीनं आवळायचे. खडीवर हादरे बसून खालचे दोन आधी ढिले होतात, कारण सगळा भार त्यांच्यावर असतो. निळं थ्रेड-लॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा. पाठीमागून आटा बाहेर येत असेल तर नायलॉनवाली नट बसवा. रोज सकाळी निघताना हात लावून बघायचंच. ढिला बोल्ट तुटला की अर्धा तुकडा फ्रेममध्येच अडकतो, आणि गावात तो काढायला ड्रिल मिळत नाही. जादा चार बोल्ट आणि हातभर बाइंडिंग तार ठेवा की.

आरा मागच्याच चाकाचा तुटतो, तोही हबजवळच्या वाकणात. उजवीकडचा बदलायचा तर कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) काढावी लागते, ते रस्त्यात होत नाही. मग काय करायचं? उजवीकडचा तुटला की रिम डावीकडं ओढली जाते. तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे डावीकडचे दोन आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करा. रिम ब्रेक असेल तर ब्रेकही जरा उघडा. हळू गेलात तर गावापर्यंत चाक जातंय. चाक मुळात ३६ आऱ्यांचं घ्या, ३२ वर ओझं टाकून मग नशिबाला बोल लावू नका.

व्हॉल्व्हचं एक. खेड्यातल्या दुकानातला पंप जाड व्हॉल्व्हचा. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा असेल तर पितळी ॲडॅप्टर, रुपयाच्या नाण्याहून लहान, तो दोरीनं पंपाला बांधून ठेवा. नुसता पिशवीत टाकला की हरवलाच.

बैलहोंगलकर

पूर्वेला बाभळीचा काटा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट न फिरवता फडकं फिरवा. मोडलेलं टोक फडक्याला अडकतं, बोटाला मात्र टोचतं. सोल्युशन लावून हात लावला तर चिकटणार नाही इतकं सुकू द्या. पॅच लगेच दाबला की तासाभरात सुटतो. घाई करणारे एकाच ठिकाणी तीनदा बसतात.

अवकाळी पाऊस पडला तर काळ्या मातीत सायकल ढकलू नका. चिखल मडगार्ड आणि टायरमध्ये गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं, तरी जोर लावला की डिरेलर (साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग) आऱ्यांत जाऊन हँगर, म्हणजे तो फ्रेमला टांगायचा तुकडा, मोडतो. हँगर ज्या-त्या फ्रेमचा वेगळा असतो, बाजारात मिळायचा नाही. डांबरी रस्त्यावर थांबा, चार-पाच तास ऊन पडलं की वाट होते. अशा मोसमात पुढचं मडगार्ड घरीच ठेवलेलं बरं.

टिळकवाडीकर

हवेचं कुणी लिहिलं नाही म्हणून : ४० मिलिमीटर टायर, मागं १२ किलो सामान, तर डांबरावर मागं ५०, पुढं ४० पीएसआय. मुरमाची वाट लागली की दहा-दहा कमी. टणक टायर मुरमावर घसरतो, आणि हादरे कॅरियरला जातात ते वेगळंच.

हलशीची लेक

तंबू कुठं लावायचा यावर थोडं. भात कापलेलं रान मोकळं दिसतं, पण तिथं मसूर नाहीतर वाटाणा पेरलेला असू शकतो. अंकुर वर यायच्या आधी बाहेरच्याला कळत नाही. विचारल्याशिवाय चाक आत घालू नये. विचारायचं ते अंधार पडायच्या आधी, साधारण पाचला, आणि शक्यतो घरातल्या बाईला. मराठी घरात मावशी, कानडी घरात अक्का. शाळेचा व्हरांडा हवा तर मुख्याध्यापकांना, देवळाचा मंडप हवा तर पुजाऱ्यांना विचारा.

जांभ्यावर तंबूचे बारीक खिळे वाकतात. लोखंडी सहा इंची आठ खिळे न्या, तेही गेले नाहीत तर दोरी दगडाला. नदीकाठच्या खोलगट जागी दव इतकं पडतं की पहाटे तंबू आतूनही भिजतो. थोडं उंचावर लावा, दोन्ही टोकांच्या खिडक्या थंडी वाजली तरी उघड्या ठेवा. आणि गवताच्या गंजीजवळ स्टोव्ह पेटवायचा नाही, अगदी चहापुरताही नाही. वर्षभराचं वैरण असतं ते.

खानापूरकर

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. हेम्माडगा, तळेवाडी, गवाळी या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. नागरगाळी-लोंढ्याकडे हत्ती भात आणि ऊस खायला उतरतात, म्हणून उभ्या पिकाशेजारी तंबू नको. अस्वलं आहेत, गवे आहेत. जंगलाचा रस्ता चारच्या आत संपवायचा. मधे पट्ट्यापट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. मुक्कामाचं गाव सकाळीच घरी सांगून ठेवा. अडचणीला ११२, कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडे तोच.

पाणी : चालवताना माणशी अडीच-तीन लिटर, मुक्कामाला स्वयंपाक धरून आणखी तीन.

निपाणीकर

नोव्हेंबर ते मार्च उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा असेलच असं नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली आत येते. आवाज आला की सरळ खाली उतरायचं. सीटखालचा लाल दिवा सामानानं झाकला जातो, तो कॅरियरच्या मागच्या टोकाला बांधा. पुष्कळांच्या हे लक्षातच येत नाही.

कॅम्पकर

परत रेल्वेनं येणार असाल तर गॅसचा डबा आणि स्पिरिट दोन्ही चालत नाही. निघतानाच हिशेब करून न्या. सायकल पार्सल ऑफिसला बुक होते, दिवे, पंप, बाटल्या काढून स्वतःजवळ ठेवा.

जेवण : माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ, पन्नास ग्रॅम मूगडाळ, एकाच भांड्यात. बेळगाव बासमती आणलात तर वास शेजारच्या वाडीपर्यंत जाईल, मग पाहुणे धरून शिजवा. गोडाला कुंदा.

हलशीची लेक

@कॅम्पकर, तांदूळ अर्धा तास आधी भिजत घाला, गॅस वाचतो. आणि पाट्या कानडीत असतात. ‘नीरु’ पाणी, ‘दारी’ वाट, ‘एल्ली’ कुठं, एवढ्यावर पुष्कळ निभावतं. पुढं ‘अण्णा’ आणि शेवटी ‘री’ लावायला विसरू नका.