ब्लूज आफ्रिकेतून आलं, की मिसिसिपीत जन्मलं?

खर्जातला:
पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या अली फार्का तूरेची गिटार ऐकली की लोक लगेच म्हणतात, 'हे बघा ब्लूजचं, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या गाण्याचं, मूळ.' मला हे अजिबात पटत नाही. तूरेचा जन्म १९३९चा. जगाला त्याचं नाव कळण्याच्या कितीतरी आधी त्याने अमेरिकन ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या तबकड्या ऐकलेल्या होत्या. चुलतभावाला आजोबा ठरवण्यातला हा प्रकार आहे.

ब्लूज अमेरिकेत जन्मलं. गुलामगिरी संपली १८६५ला. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, १९०३च्या सुमारास, मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीला एक फाटक्या कपड्यांतला माणूस भेटला. तो तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता: दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी निघालोय. रेल्वे, बटाईची कापूसशेती, तुरुंग, एकट्याची भटकंती. हा सगळा ऐवज अमेरिकेतला आहे. वाद्य युरोपातलं, आणि बारा बारचा (तालाच्या बारा आवर्तनांचा) तीन कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांचा) साचाही युरोपीय स्वरसंगतीवर उभा.

डेल्टावेडी:
तीन कॉर्ड हा नुसता अंगरखा आहे. हूकरचं १९४८चं 'बूगी चिलन' लावा. जवळजवळ सगळं गाणं एकाच कॉर्डवर चालतं, तरी ते ब्लूज आहे यावर कुणाचं दुमत नाही. ही पद्धत आपण सावत्र वडिलांकडून उचलली असं तो सांगायचा.

तुम्ही सुरीचा उल्लेख केलात, तर तिच्याबद्दलच बोलू. मिसिसिपीच्या डेल्टातली पोरं झाडूला गुंडाळलेली तार सोडवून घेत, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांत ताणून बसवत आणि दोन्ही टोकांशी बाटली नाहीतर डबा अडकवत. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हातातली बाटली तिच्यावरून सरकवायची. याला डिडली बो म्हणतात. कितीतरी गिटारवादकांचे पहिले धडे याच्यावर झाले. मध्य आफ्रिकेतली मुलं अशीच एकतारी वाजवतात, हे संगीत-अभ्यासक गेऱ्हार्ड कुबिक यांनी तिथे वर्षानुवर्षं काम करून मांडलं आहे. गिटार दुकानातून आली असेल, पण तिच्यावरचा तो हात दुकानात मिळत नव्हता.

आणि स्वर? कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधे कुठेतरी लागणारा तो गांधार पियानोच्या पट्ट्यांमध्ये सापडतच नाही. आपल्या कानांना तर हे लगेच कळायला हवं.

सूरपारखी:
डेल्टावेडी यांच्याशी सहमत, आणि ढोलांचा मुद्दा राहिला. १७३९ला साउथ कॅरोलायनात स्टोनोचं बंड झालं. बंडखोर ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी केली. ताल मग टाळ्यांत, पायांत आणि तारांच्या वाद्यांत शिरला. बँजो त्यातलाच. पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगांबियातलं अकोंटिंग हे तंतुवाद्य त्याच्या शेजारी ठेवून पाहा, भोपळा, कातडं आणि आखूड अंगठ्याची तार, सगळं तेच.

खर्जातला:
तो कायदा एका वसाहतीचा. लुईझियानात फ्रेंच, मग स्पॅनिश राज्य होतं आणि न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअर या चौकात रविवारी ढोल उघडपणे वाजत. मिसिसिपीच्या टेकड्यांत सिड हेम्फिलच्या मंडळींचे ढोल आणि बासरी लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने १९४२लाही ध्वनिमुद्रित केले. ढोल कुठे टिकला, कुठे गेला, हे गावागणिक वेगळं आहे. सरसकट बंदीची गोष्ट सोयीची आहे, म्हणूनच ती जपून सांगावी.

ढोलताशा:
एक वेगळा दाखला. आपल्याकडचे सिद्दीही आफ्रिकेतूनच आले. गुजरातेत रतनपूरला बाबा गोरच्या दर्ग्यावर त्यांची गोमा-धमाल (ढोलांवरचं नाचगाणं) होते, भोपळा लावलेला धनुष्यासारखा मलुंगा अजून वाजतो. ब्लूज मात्र तिथे जन्मलं नाही. म्हणजे नुसतं बी पुरत नाही, जमीनही लागते. खर्जातला यांना एक मत.

डेल्टावेडी:
सिद्दी मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले. अमेरिकेत नेलेले लोक बहुतांशी सेनेगांबिया ते काँगो-अंगोला या पट्ट्यातले. बीच वेगळं, तर पिकाची तुलना कशी करणार?

यात श्रेयाचाही प्रश्न आहे. ब्लूजच्या जवळच्या नात्यातल्या जॅझचंच बघा. १९१७ला जॅझची पहिली तबकडी निघाली ती गोऱ्यांच्या ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची, आणि तिचा कॉर्नेटवादक निक लारोका पुढे आयुष्यभर सांगत राहिला की जॅझ गोऱ्यांनी काढलं. आफ्रिकेचा धागा ढिला सोडला की असल्या दाव्यांना जागा मिळते.

खर्जातला:
लारोकाला उत्तर द्यायला मालीपर्यंत जायची गरज नाही. बडी बोल्डन, फ्रेडी केपर्ड, किंग ऑलिव्हर हे न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक पुरेसे आहेत. तिथल्याच जेली रोल मॉर्टनने १९३८ला पियानोवर वाजवून दाखवलं की जॅझला स्पॅनिश छटा हवीच, म्हणजे क्यूबाचा हबानेरा हा नाचाचा तालही यात आला. एवढं सगळं ज्यांनी एका शहरात बसून घडवलं, त्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचं कर्तृत्व आपण 'मूळ आफ्रिकेत' म्हणत समुद्रापार पाठवतो. मला खटकतं ते हे.

सूरपारखी:
श्रेय त्यांचंच, त्यावर वाद नाही. पण १८१९ला काँगो स्क्वेअरचा जमाव वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोबने पाहिला, तेव्हा ऐंशी-नव्वदीचा वाटणारा एक छोटासा म्हातारा भोपळ्याचं तंतुवाद्य वाजवत होता. वाद्याच्या दांडीवर बसलेल्या माणसाची आकृती कोरलेली होती आणि तिच्या मागे तारांच्या दोन खुंट्या. हे आफ्रिकेतूनच आलेलं असणार, असं लॅट्रोबने स्वतः लिहिलं आहे. त्याच्यासारख्यांना नागरिक म्हणायला अमेरिकेची घटनादुरुस्ती झाली १८६८ला. त्याच्या बोटांतलं वादन तुम्ही कुठल्या देशाच्या खात्यावर टाकणार?