वळिवड्यासोबत खलाशी आणि महार पलटणही घ्या

शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा पाठ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीपासून, म्हणजे युद्धात पोलिश निर्वासितांना जिथे आसरा मिळाला तिथून, सुरू करायची इथे मांडलेली कल्पना मला मनापासून आवडली. आमच्या कोल्हापूरच्या पोरांना युद्ध एकदम जवळचं वाटतं. पण आपण आसरा दिला, एवढ्यावरच थांबू नका. आपल्याच भागातून युद्धावर कोण गेलं, तेही येऊ द्या.

रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान ब्रिटिश व्यापारी जहाजांवर डेकवर राबायचे, गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकघरात. पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी, पाणतीर (टॉर्पेडो) मात्र दोघांना सारखाच. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी फुकट शोधता येतात. मी अशा काही नोंदी छापून आठवीच्या वर्गात एकेका बाकावर एकच ठेवली. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे आमच्या आजोळचं आडनाव आहे." पुढचा तास तिनेच घेतला म्हणा ना.

दुसरा कागद महार पलटणीचा करा. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली आणि १९४१ मध्ये इथून जवळच, बेळगावात, महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. फक्त ही तीन सालं फळ्यावर लिहा आणि "असं का झालं असेल?" एवढंच विचारा. उत्तर लगेच सांगू नका, मुलांना भांडू द्या. माझ्या छापील नोंदी हव्या असतील तर इथेच कळवा, पाठवतो.