मदत हवी आहे: १९२९ची नॅशनल बँक नोट, शनिवारपर्यंत ठरवायचंय

मक्याचं_शेत: दुकानदाराने नोट शनिवारपर्यंत राखून ठेवलीय. अमेरिकेची, दहा डॉलरची, छोट्या गावातल्या बँकेने स्वतःच्या नावाने काढलेली, तपकिरी शिक्का. ४०० डॉलर मागतोय. घ्यावी का? 'आधी अभ्यास करा' कृपया नको.

जुनाट: बँक? गाव? चार्टर नंबर (सरकारने त्या बँकेला दिलेला परवाना क्रमांक)? नुसत्या तपकिरी शिक्क्यावर जाऊ नका. १९२९च्या फेडरल रिझर्व्ह बँक नोटांवरही (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) तोच असतो, फक्त चार्टर नंबरच्या जागी अक्षर असतं.

मक्याचं_शेत: फर्स्ट नॅशनल बँक. फोटो काढू देत नाही.

जुनाट: अहो, फर्स्ट नॅशनल गावोगावी होत्या! १८६३ ते १९३५मध्ये बारा हजारांवर बँकांनी नोटा काढल्या. गाव आणि चार्टर नंबर हीच ओळख.

परसदार: १९२९ची घेऊच नका. १९०२च्या मोठ्या आकाराच्या नोटा घ्या. पुष्कळ नोटांवर कॅशियरने स्वतः शाईने सही केलेली असते. त्या गावातल्या माणसाचं अक्षर हातात येतं, त्याची सर छापील सहीला नाही.

जुनाट: त्यांनी १९२९चं विचारलंय. छापील असली तरी सही त्याच बँकेच्या अधिकाऱ्यांची असते.

सुमाताई: घड्या असतील तर ओलसर कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवा, छान सरळ होते.

जुनाट: ताई, हे कुणीही करू नका. कागदाचा मूळ पोत जातो, जाणकाराला लगेच कळतं आणि किंमत पडते.

कोकणचा_राजा: माझ्याकडे पंचम जॉर्जची एक रुपयाची नोट आहे, १९१७ची. कुठे विकू?

परसदार: वेगळा धागा काढा.

मक्याचं_शेत: माझं राहिलं बाजूला! गाव अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं आहे. नोटेचा अनुक्रमांक एफने सुरू, शेवटी ए.

परसदार: आयोवा! कामकाज सुरू करणारी पहिली नॅशनल बँक तिथलीच, डॅव्हनपोर्टची. २९ जून १८६३.

जुनाट: शेवटी ए म्हणजे टाइप १, १९२९च्या नोटांच्या दोन प्रकारांतला पहिला. एका शीटवर सहा नोटा, सगळ्यांचा आकडा एकच, आकड्याआधी ए ते एफ. तुमची सहावी. पण त्याने भाव ठरत नाही. त्या बँकेच्या किती नोटा आज संग्राहकांना माहीत आहेत, त्यावर ठरतो. काहींच्या दोन-तीनच उरल्यात, काहींच्या ढीगभर. गावाचं नाव सांगा, नोंदी बघून सांगतो.

मक्याचं_शेत: इथे नाव लिहिलं आणि कुणी आधी जाऊन उचलली तर?

जुनाट: व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चार्टर नंबरसकट.