मदत हवी आहे: सुट्टीतल्या भेटवस्तू थेट कारागिरांकडून घ्यायच्या आहेत, पण पारखायच्या कशा?

पिशवीवाली

नमस्कार मंडळी,

सुट्टीत सगळं गोत एकत्र जमणार आहे आणि भेटवस्तूंचं खातं दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे. यंदा मॉल आणि ऑनलाइन दोन्हीला फाटा देऊन हस्तकलेची प्रदर्शनं, बाजारातले स्टॉल आणि घरून व्यवसाय करणारे यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलंय. ठरवणं सोपं होतं. परवा एका प्रदर्शनात चक्कर मारली तर दोन स्टॉलवर हुबेहूब तेच ब्लॉक प्रिंटचे स्टोल, आणि दोघंही छातीठोकपणे सांगतायत की "आम्ही स्वतः छापतो". एकीकडे मग उचलून पाहिले, छान होते, पण त्यात चहा पिणं सुरक्षित आहे का हे कसं कळणार?

यादी अशी: सासूबाईंना शाल किंवा स्टोल. बहिणीला कानातलं (तिचे कान चिडतात, वाट्टेल ते चालत नाही). भाऊ-वहिनीला मातीचे मग. मावशीला साबण आणि मेणबत्त्या. भाच्याला लाकडी खेळणं, वय दीड वर्ष, सगळं तोंडात घालतो.

माल खरंच हातचा आहे हे कसं ओळखावं? ऑर्डर किती आधी द्यावी? घासाघीस करावी की तो कारागिराचा अपमान? आणि आवडलं नाही तर बदलून मिळतं का? प्रवास विमानाने आहे, तेही लक्षात घ्या.

धोपटमार्ग

सगळ्यांना गिफ्ट कार्ड द्या आणि मोकळ्या व्हा.

पिशवीवाली

@धोपटमार्ग, गेल्या वर्षी तेच केलं होतं. अर्ध्या लोकांनी ती वापरलीच नाहीत :)

चाकावरची माती

ताई, मगांबद्दल मी सांगते, हाच माझा धंदा आहे.

आधी वेळेचं. चाकावर मग काढायला काही मिनिटं लागतात, खरा वेळ त्यानंतर जातो. जरा आळला की तळ तासायचा, कान लावायचा, मग सावकाश वाळू द्यायचा. घाईने वाळवला तर कानाच्या सांध्यात तडा जातो. दमट हवेत नुसतं वाळण्यातच आठवडा किंवा जास्त जातो. त्यानंतर साधारण 1000 अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), मग दुसरी भाजणी. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली घट्ट भांडी) असेल तर ही दुसरी 1200 ते 1300 अंशांच्या घरात. शिवाय भट्टी भरल्याशिवाय कोणी पेटवत नाही, म्हणजे तुमचे दोन मग इतरांच्या मालासाठी थांबणार. नाव घालून हवे असतील तर दोन महिने आधी बोला. आता वेळ कमी असेल तर टेबलावर आहेत त्यातलेच निवडा.

निवडताना मग तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असू शकतो. मग उलटा करा. तळाच्या बिनग्लेझच्या कडेला ओलं बोट लावा. पाणी लगेच शोषलं गेलं तर माती सच्छिद्र आहे, असा मग पाणी पितो आणि मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच तापतो. शोभेला चालेल, रोजच्या वापराला मी देणार नाही. आतल्या बाजूला ग्लेझवर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तरी तोच सल्ला.

शिशाचं मात्र नजरेने कळत नाही. शिसं असलेल्या ग्लेझमधून ते आंबट पदार्थात उतरतं. सरळ विचारा: "ग्लेझ खाण्यापिण्यासाठी सुरक्षित आहे का? स्वतः बनवता की विकत आणता?" खरा कुंभार याचं उत्तर सविस्तर देईल. "काही होत नाही हो" म्हणून विषय बदलला तर पुढे चला.

कारागीर ओळखायची माझी युक्ती म्हणजे गेल्या भट्टीत काय काय बिघडलं ते विचारायचं. स्वतः बनवणारा अर्धा तास सोडणार नाही. नुसता विकणारा म्हणेल, आमच्याकडे काही बिघडत नाही.

उंटावरचा शहाणा

वरच्या प्रतिसादाला +१. कापडाचं मी सांगतो.

ब्लॉक प्रिंटमध्ये ठसा प्रत्येक वेळी हाताने टेकवतात. त्यामुळे दोन ठशांच्या सांध्यावर नक्षी किंचित सरकलेली किंवा एकमेकांवर चढलेली दिसते, रंगही कुठे गडद कुठे फिका. सगळीकडे अगदी बिनचूक जुळत असेल तर संशय घ्या. उलट बाजूही पाहा. पण एकच खूण धरून बसू नका, कारण आता यंत्रावरही मुद्दाम "चुका" छापतात.

हातमाग की यंत्रमाग हे स्टॉलवर उभ्या उभ्या सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी तरी सूत कुठलं, ताणा (मागावरचे उभे धागे) किती लांब लावता, एक शाल विणायला किती वेळ लागतो, असे प्रश्न विचारतो. ज्याने माग पाहिला आहे त्याला ते सोपे जातात.

पश्मीन्याबद्दल: अंगठीतून शाल ओढून दाखवतात त्याला भुलू नका. पातळ व्हिस्कोस (रेशमासारखं दिसणारं स्वस्त कापड) सुद्धा अंगठीतून आरामात जातं. खऱ्या पश्मीन्याचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉनचा असतो, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. तंतू एवढा बारीक, त्यामुळे खरी शाल महागच असणार आणि नाजूकही. वीस झगझगीत रंगांची चळत लावून "शंभर टक्के पश्मीना" विकत असतील तर काय समजायचं ते समजा. सासूबाईंना रोज वापरायची असेल तर चांगली मेंढीची लोकर घ्या. मात्र धुवायची कशी ते विचारून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ती भाच्याच्या मापाची होईल.

टाका उसवला

एक विरोधी सूर लावतो. दुसऱ्याचा माल विकणारा म्हणजे लबाड नव्हे. अनेक कारागिरांना महिनाभर स्टॉलवर उभं राहणं परवडत नाही, तेवढ्या वेळात त्यांचं काम थांबतं. म्हणून ते माल दुसऱ्याकडे देतात, आणि दुकानदार बहुधा घाऊक भावाच्या दुपटीच्या आसपास विकतो, कारण भाडं आणि न खपलेला माल त्याच्या डोक्यावर असतो. "हे अमुक गटाकडून घेतो" असं सांगणाऱ्याकडून मी खुशाल घेतो. खोटं बोलणाऱ्याकडून नाही.

घासाघीस: बनवणाऱ्याशी एका नगावर करू नका. पाचसहा नग घेत असाल तर "एकत्र घेतले तर काही कमी होईल का?" हे विचारण्यात काहीच गैर नाही, तेही बहुतेक वेळा तयारीतच असतात. "इतकं तर ऑनलाइन निम्म्यात मिळतं" हे वाक्य तेवढं घरी ठेवून जा.

साबणफेस

मावशींचा साबण. थंड पद्धतीने केलेला साबण वडी कापल्यावर 4 ते 6 आठवडे मुरवावा लागतो. त्यात पाणी उडून जातं, वडी कडक होते आणि जास्त दिवस टिकते. म्हणून कधी ओतला ती तारीख विचारा. "मेल्ट अँड पोर" म्हणजे तयार बेस वितळवून केलेला साबण मुरवायला लागत नाही, तो आजचा असला तरी हरकत नाही. पण दोन्हींचा भाव सारखा लावला असेल तर भुवया उंचावायचा हक्क आहे तुम्हाला.

"आमच्या साबणात कॉस्टिक नाही" या जाहिरातीला हसू येतं. तेलापासून साबण करायला कॉस्टिकसारखी अल्कली लागतेच, फक्त प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत ती शिल्लक राहत नाही. त्वचा नाजूक असेल तर बिनवासाचा घ्या, सुगंधी तेलं नैसर्गिक असली तरी काहींना चुरचुरतात.

मेणबत्ती सोयाच्या मेणाची असेल तर ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे ठेवली की वास चांगला उतरतो. तापलेल्या गाडीत ठेवू नका, मधमाशांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं पण वाकायला त्याच्या खूप आधी लागतं.

पिशवीवाली

केवढी माहिती! मनापासून आभार. कानातल्याचं आणि खेळण्याचं कोणी सांगेल का? बहिणीसाठी "जर्मन सिल्व्हर"चे झुमके पाहून ठेवलेत, फार सुंदर आहेत.

उंटावरचा शहाणा

थांबा, घेऊ नका! जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, आणि कान चिडण्यामागे बऱ्याचदा निकेलच असतं. 925 छाप असलेली चांदी पाहा, म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. झुमक्यांवर जीवच जडला असेल तर कारागिराला विचारा, कानात जाणारी तार तेवढी टायटॅनियमची बदलून देता येते. छोट्या कारागिराकडून घेण्याचा खरा फायदा हा, मॉलमध्ये तार कोण बदलून देणार?

टाका उसवला

खेळणं: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून आरपार जाईल असा कुठलाही सुटा भाग 3 वर्षांखालच्या मुलाला नको, गिळला जाऊ शकतो. चाकं, डोळे म्हणून लावलेले मणी ओढून पाहा, विकणाऱ्यासमोरच. चुंबक आणि बटण सेल असलेलं काहीही नको, हे दोन्ही पोटात गेले तर प्रकरण फार गंभीर होतं. रंग कुठला ते विचारा. बिनरंगी, तेल लावलेलं लाकूड उत्तम.

बदलून मिळण्याबद्दल: नाव घातलेलं किंवा मापाने केलेलं परत घेत नाहीत आणि ते रास्तच आहे. बाकीचं पैसे देण्याआधी ठरवून घ्या आणि बिलावर लिहून मागा. स्टॉल चार दिवसांत उठतो, त्यामुळे नंतर संपर्क कुठे करायचा तेही विचारून ठेवा.

पिशवीवाली

झुमके रद्द. म्हणजे तार बदलून मिळतेय का ते विचारते आधी, मोह सुटत नाहीये. शालवाल्यांना मागाचे प्रश्न विचारणार आहे, बघू किती जण टिकतात.

शेवटचा प्रश्न, चाकावरची माती ताईंना: मग विमानात कसे न्यायचे? त्यांनी दिलेल्या खोक्यातच ठेवू का?

चाकावरची माती

खोकं कसलं आहे त्यावर. पातळ असेल तर काढून टाका. आधी कानाच्या पोकळीत कागद दाबून भरा, मग कानाभोवती गुंडाळा, कारण तुटतो तो कानच. मगाच्या आत मोजे कोंबा. दोन मग एकमेकांत घालू नका, अडकले तर काढताना फुटतात. शक्यतो हातातल्या बॅगेत न्या. तपासणीवाले उघडून बघतील, म्हणून वरचं गिफ्टचं वेष्टन पोहोचल्यावर करा.