दुर्बिणीतून तिसऱ्यांदा, का गालाचं अस्तर लावून मोठं ऑपरेशन?

केजचा_मास्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न वडिलांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अण्णा ५९ वर्षांचे. केज तालुक्यात साडेचार एकर, सोयाबीन अन् तूर. २०२१ च्या कोरोनात सतरा दिवस आयसीयूत होते. लघवीची नळी घातलेली होती. तापाच्या गुंगीत त्यांनी ती आतल्या फुग्यासकट ओढून काढली. जीव वाचला याच आनंदात सगळे होते, रक्त गेलं तिकडं कुणाचं ध्यान नव्हतं. पाच-सहा महिन्यांनी धार बारीक व्हायला लागली. आता मी मोटार चालू करून दोन सऱ्यांना पाणी लावून येतो, तरी हे बोरीखाली उभेच. लग्नाला चला म्हटलं की आधी विचारतात, "एसटी कुठं कुठं थांबती?"

तपासणीत मूत्रमार्ग आकसलेला निघाला, स्ट्रिक्चर. दोनदा दुर्बिणीतून कापून मोकळा केला. पहिल्या खेपेला आठ महिने बरं गेलं, दुसऱ्या खेपेला पाचच. नव्या आरजीयू फोटोत (लघवीच्या वाटेत औषध सोडून काढतात तो एक्स-रे) बल्बर भागात, म्हणजे अंडकोषामागच्या मूत्रमार्गात, तीन सेंटिमीटर आकसलेलं दिसतंय. लातूरचे एक डॉक्टर म्हणतात तिसऱ्यांदा दुर्बीण करू, दुसऱ्या दिवशी घरी. संभाजीनगरचे म्हणतात आता दुर्बीण नको, गालाच्या आतलं अस्तर काढून तिथं लावू, युरेथ्रोप्लास्टी.

मी मास्तर माणूस, वाचल्याशिवाय करमत नाही. ब्रिटनमधला 'ओपन' नावाचा अभ्यास सापडला, २०२० ला छापलेला. पुन्हा पुन्हा आकसणाऱ्या बल्बर स्ट्रिक्चरचे २२२ पुरुष, निम्म्यांना दुर्बीण, निम्म्यांना युरेथ्रोप्लास्टी, चिठ्ठी टाकावी तसं वाटून दिलेले. दोन वर्षांनी निकाल काय, तर रुग्णांनी फॉर्मवर भरलेले लघवीच्या त्रासाचे गुण दोन्हीकडं जवळपास सारखेच सुधारले! मग अण्णांचा गाल कशाला कापायचा? कुणाला कळत असेल तर समजून सांगा.

उदगीरकर_७१

मास्तर, माझं २०१९ ला झालंय, गालाचंच. त्याआधी चार वेळा दुर्बीण. चार! दर वेळी वाटायचं ही शेवटची.

ऑपरेशन तीन-साडेतीन तास चाललं. खालच्या टाक्यांपेक्षा तोंडानंच जास्त छळलं. पहिले दोन दिवस गार दूध अन् आइस्क्रीम, मग पातळ वरण. ठेचा महिनाभर बंद, हे मला सगळ्यात जड गेलं. नळी तीन आठवडे होती. ती काढायच्या दिवशी औषध सोडून फोटो काढतात, कुठं गळत नाही ना बघतात. त्यानंतर आजपर्यंत नळीला हात लागलेला नाही.

लघवी झाल्यावर पँटीत दोन थेंब पडतात, हे मात्र खरं. खालून बोटानं पुढं ढकललं की येत नाहीत. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

परभणीचा_पाटील

मोठ्या दवाखान्यात गेलं की तुमचा उंदीर करतात. असले अभ्यास बिभ्यास गोऱ्या लोकांसाठी असतात. गोखरूचा काढा द्या, सकाळ-संध्याकाळ. माझ्या चुलत्याला गुण आला.

माजी_सिस्टर

पाटील, तुमच्या चुलत्याला प्रोस्टेटचा त्रास असेल, तो आपोआप कमी-जास्त होतो. मास्तरांच्या अण्णांच्या मूत्रमार्गात वण आहे. वण काढ्यानं विरघळत नसतो.

मास्तर, मी संभाजीनगरला एका दवाखान्यात युरॉलॉजी वॉर्डात एकवीस वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं अभ्यासातल्या रुग्णांचे फॉर्म भरणं, त्यांना फोन लावून तारखेला बोलावणं एवढंच काम. त्यामुळं तुमचा प्रश्न माझ्या पोटातलाच आहे.

तुम्ही अर्धाच निकाल वाचलात. त्याच अभ्यासात खाली लिहिलंय बघा: दोन वर्षांत पुन्हा काही ना काही करून घ्यावं लागलेले युरेथ्रोप्लास्टीच्या गटात १५, दुर्बिणीच्या गटात २९. म्हणजे पुन्हा टेबलावर जायची पाळी जवळपास निम्मी. गुण सारखे कसे, तर ज्याला मधेच परत दुर्बीण करावी लागली त्याचीही धार नंतर सुधारते, तोही फॉर्मवर चांगलंच लिहितो. फॉर्म विचारतो 'आता लघवी कशी होते'. अण्णा विचारतात 'अजून किती वेळा जायचं'. हे दोन प्रश्न एक नाहीत.

त्यात त्या मंडळींनी एक गोष्ट झाकली नाही, ती मला फार आवडली. २२२ पैकी मुख्य हिशेबात धरता आले युरेथ्रोप्लास्टीचे ६९ अन् दुर्बिणीचे ९०. म्हणजे ६३ माणसांचा हिशेब लागलाच नाही, अन् त्यातले बरेचसे मोठ्या ऑपरेशनच्या गटातले. तिथं ही गत, तर आपल्याकडची ऐका.

आमच्याकडं धारूर, वडवणी, पाटोद्याचे रुग्ण खूप. दिवाळीच्या सुमाराला ऑपरेशनवाला माणूस टाके निघाले की ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर. मी डिसेंबरात फोन लावायची, "आपण डायल केलेला क्रमांक सेवेत नाही." तो माणूस एप्रिलशिवाय गावात नाही. आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना होता, 'आला / नाही आला'. 'नाही आला' पुढं पानंच्या पानं. अन् वर्षाअखेरी टक्केवारी निघायची ती आलेल्यांवरच. मी एकदा विचारलं, "सर, न आलेल्यांचं काय?" तर म्हणाले, "त्रास असता तर आला असता." मी गप्प बसले. पण त्रास होऊनही उचल फिटेपर्यंत येता न येणारी माणसं मी नावानं ओळखत होते.

त्यातलाच एक चौदा महिन्यांनी आला. पिशवीतून कापलेली पाण्याची बाटली काढली, बाजूला खिळ्यानं ओरखडे. म्हणाला, "सिस्टर, कोपीवर बायको मोबाइलवर सेकंद मोजायची, मी हिच्यात धरायचो. आधी ह्या रेघेपर्यंत चाळीस सेकंद लागायचे, आता चौदा." रेघ २०० मिलीची. म्हणजे सेकंदाला पाचवरून चौदा मिली. आमच्या युरोफ्लोच्या, म्हणजे धार मोजायच्या मशिनीनं पण तेवढंच चांगलं सांगितलं. मी ती बाटली माझ्या टेबलावर ठेवली होती, रिटायर होताना कुणीतरी टाकून दिली.

म्हणून डॉक्टरांनी "नव्वद टक्के यश" म्हटलं की अदबीनं एवढंच विचारा: सर, किती वर्षांनंतर मोजलं, अन् किती जण परत आले होते? चांगला सर्जन ह्या प्रश्नानं चिडत नाही.

तिसऱ्या दुर्बिणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक वेळी कापलं की नवा वण, अन् बरं राहायचा काळ आखूड होत जातो. तुमचे आठ आणि पाच महिने बघा की. अमेरिकेच्या युरॉलॉजी संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात, की बल्बर भागात एकदा दुर्बीण फसली की परत परत तेच करत बसू नका, युरेथ्रोप्लास्टी सुचवा. अन् हे काही परक्याचं शास्त्र नाही, पाटील. पूर्ण मूत्रमार्ग आकसलेल्यांसाठी एकाच बाजूनं सोडवून अस्तर लावायची पद्धत पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींनी २००९ मध्ये मांडली, ती शिकायला परदेशातले सर्जन पुण्याला येतात.

आता माझा प्रश्न. अण्णा तंबाखू खातात का?

केजचा_मास्तर

खातात ताई. चुना मळून, तीस वर्षं झाली. त्याचा काय संबंध? मी तर आयसीयूच्या नळीलाच धरून बसलोय.

माजी_सिस्टर

संबंध गालाचा. लावायचं अस्तर तिथूनच येणार ना. जिथं रोज तंबाखू दाबून ठेवतात तिथलं अस्तर पांढरं, चिवट झालेलं असतं. गुटख्यावाल्यांचं तर तोंडच उघडत नाही. सकाळी चूळ भरून झाली की त्यांना दारात उजेडाला बसवा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. मग मोबाइलच्या टॉर्चनं दोन्ही गाल. पांढरा चट्टा दिसला तर तो आधी दाखवून घ्यायचा, त्याचं वेगळं निदान लागतं. गाल चालत नसतील तर जिभेच्या खालचं अस्तरही घेतात.

शिश्नाच्या टोकाला कातडी पांढरी पडली असेल तर तेही लाजू नका म्हणावं, सांगा. लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असतो, त्यात कातडीचा तुकडा वापरून चालत नाही, परत तोच आजार धरतो.

अन् सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशनकार्ड अन् आधार घेऊन. ऐनवेळी पळापळ होते.

केजचा_मास्तर

उशिरा कळवतो, माफ करा. सोयाबीन काढणीत होतो.

टॉर्चनं बघितलं. तीन बोटं जातात. डावा गाल आत एकदम पांढुरका, वळ्या पडलेला. उजवा गुलाबी. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की अण्णा तंबाखू कायम डावीकडंच ठेवतात. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी डाव्यातला बारीक तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला नाही. तंबाखू मात्र बंद करा म्हणाले. उजव्या गालाचं अस्तर घेणार.

सिस्टर, तुमचा 'किती जण परत आले' हा प्रश्न मी विचारला. डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले, मग ड्रॉवरातून वही काढली. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी केलेले एकतीस. त्यातले एकोणीस परत आले. एकोणिसातल्या दोघांना पुन्हा करावं लागलं. उरलेल्या बाराचं मला माहीत नाही." मला त्या 'माहीत नाही'वरच विश्वास बसला. तारीख घेतली, तुरीच्या आधीची.

अण्णांनी परवापासून तंबाखूची डबी आईकडं दिलीय. काल मात्र मला म्हणाले, "उजवा गाल त्यांचा झाला. डावा तर आपलाच हाय की."

उदगीरकर_७१

डबी आईकडं नका ठेवू. आमच्या घरी पण आईकडंच होती.